अर्जाविना मतदार : ओरेगॉनच्या ‘मोटर व्होटर’ कायद्याचे प्रकरण

२०१६ च्या जानेवारीपासून अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ड्रायव्हिंग लायसन काढायला गेलेला माणूस न मागता मतदारयादीच्या वाटेला लागू लागला. त्याने त्यासाठी अर्ज केला नव्हता. तो नवे लायसन काढायला, जुन्याचे नूतनीकरण करायला किंवा हरवलेल्याची दुसरी प्रत घ्यायला गेला होता. खिडकीवर जन्मदाखला किंवा पासपोर्ट दाखवला, फोटो दिला, सही केली, पैसे भरले आणि घरी आला. मग काही दिवसांनी टपालाने एक पत्र आले. त्याचा आशय असा : तुमचे नाव मतदार म्हणून नोंदवले जात आहे. नको असेल तर सोबतचे कार्ड भरून २१ दिवसांत परत पाठवा. एखाद्या पक्षाच्या खात्यात नाव हवे असेल तर तेही याच कार्डावर कळवा. मतदार व्हायचे असेल आणि पक्ष नको असेल, तर काहीच करू नका.

ज्याने काहीच केले नाही, तो तीन आठवडे संपले की मतदार.

असा कायदा करणारे ओरेगॉन हे अमेरिकेतले पहिले राज्य. नंतर कॅलिफोर्निया, व्हरमाँट, वेस्ट व्हर्जिनिया, अलास्का अशी रांग लागली आणि आज दोन डझनांच्या आसपास राज्यांत या ना त्या रूपात ही पद्धत आहे. त्यामुळे ओरेगॉनचे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. तिथे काय साधले हे दिसते. कामाचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, तरी चुकीचे ओझे मात्र जिथल्या तिथे कसे राहिले, हेही दिसते. माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. पण तिथपर्यंत क्रमाने जाऊ.

नोंदणी कुणाचे काम?

मराठी वाचकाला आधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्याकडे नमुना ६ भरावा लागतो, हे खरे. पण यादी पूर्ण असावी ही जबाबदारी निवडणूक आयोगाची मानली जाते. बीएलओ म्हणून नेमलेली शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका दारावर येते, घरात कोण अठराचे झाले, कोण लग्न होऊन गेले, कोण वारले, हे विचारते. तिची वही नेहमी बरोबर असते असे नाही, पण ती येते.

अमेरिकेत अशी देशभराची यंत्रणाच नाही. तिथला फेडरल निवडणूक आयोग पाहतो तो प्रचाराच्या पैशाचा हिशेब. मतदारयादी राज्याची, आणि रोजचे काम काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, क्लार्कचे. नाव नोंदवायचे ते नागरिकाने, स्वतःहून, मुदतीच्या आत. घर बदलले की पुन्हा. आणि अमेरिकन माणूस घर फार बदलतो. त्यामुळे मतदानाचा हक्क असलेले पण यादीत नसलेले लोक तिथे कायम मोठ्या संख्येने राहिले. त्यांत जास्त करून तरुण, भाडेकरू आणि कमी मिळकतीचे.

यावर पहिला मोठा उपाय १९९३ मध्ये झाला. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मे महिन्यात राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यावर सही केली. याच धर्तीचे विधेयक आदल्या वर्षी थोरल्या जॉर्ज बुश यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. नव्या कायद्याने वाहनपरवान्याच्या कचेऱ्यांना सांगितले की लायसनसाठी आलेल्या माणसाला नोंदणीचीही संधी द्या. ‘मोटर व्होटर’ हे टोपणनाव तेव्हाचे. पण त्यात नागरिकाने ‘हो’ म्हणावे लागे, सही करावी लागे. ओरेगॉनने तेवीस वर्षांनी जे केले ते असे की ‘हो’ गृहीत धरले आणि ‘नाही’ म्हणण्याची तसदी नागरिकाकडे ठेवली. कागदावर फरक एवढाच. परिणाम बराच मोठा.

कोरेगाव पार्कहून ओरेगॉनला

हे राज्यच पहिले का ठरले, याचे उत्तर शोधताना वाट पुण्यातून जाते.

भगवान रजनीश यांचा आश्रम १९७४ पासून कोरेगाव पार्कात होता. १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि त्यांच्या संस्थेने ओरेगॉनच्या कोरड्या पूर्व भागात, वास्को आणि जेफरसन या दोन काउंट्यांत पसरलेली, सुमारे ६४ हजार एकरांची बिग मडी नावाची गुरांची जमीन विकत घेतली. तिथे रजनीशपुरम उभे राहिले. शेजारी अँटिलोप नावाचे चिमुकले गाव होते. तिथे शिष्यांनी घरे घेतली, मतदार म्हणून नावे नोंदवली आणि ग्रामपरिषदच ताब्यात घेतली. पुढे गावाचे नावही ‘रजनीश’ झाले. यात बेकायदा काही होते असे म्हणता येत नाही. जो राहतो तो मतदार, आणि जास्त मते ज्याची सत्ता त्याची.

त्या काळी ओरेगॉनमध्ये मतदार नोंदणी फार सोपी होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मतदानाच्या दिवशीसुद्धा नाव नोंदवून मत देता येई. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये वास्को काउंटीच्या तीन सदस्यांच्या कारभारी मंडळातल्या दोन जागा निवडून द्यायच्या होत्या. आश्रमाने अमेरिकेच्या मोठ्या शहरांतून काही हजार बेघर माणसे बस भरभरून आणली. वरवर सांगण्यात आले की हा बेघरांना आसरा देण्याचा कार्यक्रम आहे. मतदारयादीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो हे काउंटीला कळायला वेळ लागला नाही. ऑक्टोबरमध्ये तिथे नव्या नोंदणीला लगाम घातला गेला. राज्याच्या तेव्हाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका पाहणारे पद) नॉर्मा पॉलस यांच्या देखरेखीखाली अर्जदारांच्या समोरासमोर सुनावण्या लावल्या गेल्या. आश्रमाने शेवटी त्या निवडणुकीतून अंग काढून घेतले.

त्याच हंगामात ‘द डॅल्स’ या काउंटीच्या मुख्य गावात दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले आणि ७५१ लोक आजारी पडले. स्थानिक मतदारांना मतदानाच्या दिवशी अंथरुणात ठेवता येईल का, याची ती रंगीत तालीम होती, हे पुढे तपासात उघड झाले. आश्रमाची सूत्रे हाती असलेल्या मा आनंद शीला यांना यासह इतर गुन्ह्यांत शिक्षा झाली. रजनीशांना अमेरिका सोडावी लागली आणि १९८७ मध्ये ते पुण्याला परतले. आपल्याकडे या प्रकरणातल्या रोल्स-रॉइस मोटारींवर जेवढे बोलले गेले, तेवढे त्यातल्या मतदारयादीवर बोलले गेले नाही. ओरेगॉनच्या कायद्यावर ठसा मात्र मतदारयादीचा उमटला.

१९८६ मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी कौल देऊन राज्यघटनेतच दुरुस्ती केली : निवडणुकीच्या किमान वीस दिवस आधी नाव नोंदलेले असेल तरच मत. व्यवहारात ही मुदत निवडणुकीआधीच्या एकविसाव्या दिवशी संपते. साधा कायदा असता तर पुढच्या एखाद्या विधिमंडळाने तो बदलला असता. घटनेत घातल्यामुळे ते दार पक्के बंद झाले. मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत मतदानाच्या दिवशी नोंदणी चालू राहिली. ओरेगॉनला ती सोय परत आणायची तर पुन्हा जनतेचा कौल घ्यावा लागणार होता.

माझे वाचन असे की पुढच्या सुधारणेचा आकार इथेच ठरला. मुदत मागे घेता येत नाही, तर नागरिकाला मुदतीची आठवण ठेवण्याची गरजच उरू नये, असे काहीतरी करायचे. नाव आधीच यादीत असेल तर एकविसावा दिवस आला काय आणि गेला काय.

टपालाचे राज्य

दुसरे कारण टपाल. ओरेगॉनमध्ये मतदान केंद्र नावाची गोष्ट जवळपास उरलेली नाही. १९९८ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूक संपूर्ण टपालाने घेणारे ते पहिले राज्य ठरले. मतपत्रिका दोनतीन आठवडे आधी घरी येते. ती भरून पाकिटावर सही करायची आणि टपालपेटीत किंवा काउंटीने ठेवलेल्या पेटीत टाकायची. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात.

अशा राज्यात मतदारयादी म्हणजे टपाल वाटपाची यादी असते. पत्ता जुना असेल तर मतपत्रिका भलत्याच घरी पडते. मतदान केंद्रावर जाऊन ‘माझे नाव पाहा हो’ म्हणायची सोय नाही. त्यामुळे यादी ताजी ठेवण्यात काउंटीच्या क्लार्कलाही नागरिकाइतकाच रस. आणि ताजा पत्ता, फोटो, जन्मतारीख, सही हे सगळे एकत्र असलेली सरकारी कचेरी एकच : डीएमव्ही, म्हणजे तिथले आरटीओ. २००८ पासून तर ओरेगॉनचे लायसन घ्यायला देशात कायदेशीर वास्तव्याचा पुरावाही दाखवावा लागत होता. म्हणजे कोण अमेरिकी पासपोर्ट दाखवून गेला आणि कोण परदेशी, हेही त्याच संगणकात होते. हा शेवटचा मुद्दा लक्षात राहू द्या.

एका मताने पडले, मग उभे राहिले

२०१३ मध्ये असे विधेयक आणले गेले आणि राज्याच्या सिनेटमध्ये एका मताने अडले. ते पुढे रेटणाऱ्यांत प्रमुख होत्या तेव्हाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट केट ब्राउन. निवडणुका हे त्यांचेच खाते. २०१५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जॉन किट्झहॅबर यांना एका वादात राजीनामा द्यावा लागला. ओरेगॉनात उपगव्हर्नर हे पद नाही. सेक्रेटरी ऑफ स्टेट थेट गव्हर्नर होतो. ब्राउन गव्हर्नर झाल्या आणि महिनाभरातच, १६ मार्च २०१५ रोजी, त्यांनी स्वतः पाठपुरावा केलेल्या या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये १७ विरुद्ध १३ असे मतदान झाले होते. रिपब्लिकन सदस्य विरोधात होते.

विरोधकांचे म्हणणे निव्वळ पक्षीय म्हणून झटकून टाकण्यासारखे नव्हते. ज्याला यादीत यायचे नाही त्याला न विचारता का आणायचे, हा एक आक्षेप. तिथे मतदारयादी बऱ्याच अंशी सार्वजनिक असते. छळ करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणारी बाई लायसन काढते, तेव्हा आपला पत्ता जगजाहीर होणार हे तिला कुठे माहीत असते? २१ दिवसांची मुदत आणि पत्ता गुप्त ठेवण्याची स्वतंत्र योजना ही यावरची उत्तरे होती. पण पत्र उघडलेच नाही तर मुदतीचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो पुढे वेगळ्याच ठिकाणी टोचला.

आकडे काय सांगतात

२०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत सव्वादोन लाखांहून अधिक नावे या मार्गाने यादीत आली. त्यांतल्या लाखाच्या जवळपास लोकांनी मत दिले, म्हणजे दहांतल्या साधारण चारांनी. स्वतः अर्ज करून नोंदलेल्यांत हेच प्रमाण दहांत आठांच्या पुढे होते. नव्याने आलेले लोक वयाने तरुण, मोठ्या शहरांबाहेरचे आणि कमी मिळकतीच्या वस्त्यांतले जास्त होते.

आता राज्याचे एकूण आकडे शेजारी ठेवून पाहा. २०१२ मध्ये यादीत सुमारे २२ लाख नावे होती आणि १८ लाखांहून थोड्या अधिक लोकांनी मत दिले : जवळपास ८३ टक्के. २०१६ मध्ये यादी साडेपंचवीस लाखांवर गेली, मते साडेवीस लाख पडली : ८० टक्के. म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसांनी वाढीव मतदान केले आणि टक्का घसरला. मथळा लिहिणाऱ्याला यातून ‘नोंदणी सोपी केली तर मतदान कमी होते’ असेही लिहिता येईल आणि तो आकड्यांत खोटा पडणार नाही. भागाकारात खालचा आकडा वाढला की असे होते. यादी खरी होत गेली की टक्का उतरतो. यादी अपुरी असली की टक्का छान दिसतो, कारण जे येणारच नव्हते ते मोजलेच जात नाहीत. मतदानाच्या टक्क्यावर रात्रभर चर्चा करणाऱ्या आपल्या वाहिन्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

अर्थात लाखभर मते पडली ती सगळी कायद्यामुळेच, असेही म्हणता येणार नाही. ट्रम्प विरुद्ध हिलरी क्लिंटन अशा तापलेल्या वर्षात यांतल्या काहींनी स्वतः अर्ज भरलाच असता. किती जणांनी, हे कुणी नेमके सांगू शकत नाही. पण ज्यांनी सगळी सोय करून दिल्यावरही मत दिले नाही अशा सव्वालाखाकडे बोट दाखवून ‘बघा, यांना नकोच होते’ म्हणणे मला पटत नाही. घरी आलेली मतपत्रिका न भरणे हा त्यांचा निर्णय झाला. आधी तो निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

एक परिणाम मात्र कायदा करणाऱ्यांनी पुरेसा मोजला नसावा. पत्रातले कार्ड बहुतेकांनी परत पाठवलेच नाही. नकार फार थोड्यांनी दिला आणि पक्ष निवडणारेही थोडेच. उरलेल्या सगळ्यांपुढे ‘पक्ष नाही’ अशी नोंद झाली. ओरेगॉनात डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांच्या उमेदवार निवडीच्या फेऱ्या, म्हणजे प्रायमरी, त्या त्या पक्षाखाली नोंदलेल्यांपुरत्याच असतात. २०१६ ची प्रायमरी १७ मे रोजी होती. कितीतरी नव्या मतदारांना अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठीची मतपत्रिका आलीच नाही, आणि ती का आली नाही हेही त्यांना कळले नाही. आज ‘पक्ष नाही’ हा ओरेगॉनच्या यादीतला सर्वांत मोठा गट आहे. त्याचा अर्थ ओरेगॉनची जनता पक्षांना विटली, असा काढणारे लेख येत असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी विटून काही केलेले नाही. फक्त कार्ड परत पाठवलेले नाही.

खिडकीवर विचारायचे की विचारायचेच नाही

ओरेगॉनच्या रचनेत खिडकीवरचा कारकून ‘तुम्ही नागरिक आहात का?’ असे विचारत नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये वेगळा मार्ग घेतला : लायसनच्या कामातच प्रश्न विचारायचे आणि नको असेल तर तिथेच नाही म्हणायचे. वरून पाहता कॅलिफोर्नियाची रीत जास्त सभ्य वाटते. माणसाला निदान विचारले तरी जाते.

पण रांगेत दोन तास उभा राहिलेला, इंग्रजी कच्चे असलेला, हातात मूल असलेला परदेशी माणूस स्क्रीनवरच्या चौकोनांना पटापट ‘हो’ करत जातो. त्यांतले एक ‘हो’ म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. अमेरिकी कायद्यात तो साधासुधा मामला नाही. त्यातून देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ओरेगॉनच्या पद्धतीचे समर्थक म्हणत आले की कागदच बोलू द्यावेत. अमेरिकी पासपोर्ट किंवा तिथला जन्मदाखला दाखवला तर नाव पुढे पाठवा, ग्रीन कार्ड किंवा परदेशी पासपोर्ट दाखवला तर पाठवू नका. कुणाला काही विचारायला नको आणि कुणी चुकून ‘हो’ म्हणायला नको. कॅलिफोर्नियात पहिल्याच वर्षी सुमारे २३ हजार नोंदींत गडबड झाल्याचे उघड झाले, तेव्हा हे म्हणणे आणखी वजनदार वाटू लागले.

युक्तिवाद चांगला आहे. मला आजही तो चांगला वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे : समोर कोणता कागद आला, हे कारकून संगणकात बरोबर नोंदवेल.

२०२४ : चुकीचा पासपोर्ट

सप्टेंबर २०२४. अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम दोन महिने, आणि ‘परदेशी लोक मते देतात’ हा डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारातला आवडता आरोप. अशा वेळी ओरेगॉनच्या डीएमव्हीने कबूल केले की नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या ३०६ जणांची नावे निवडणूक खात्याकडे चुकून गेली. दोन आठवड्यांत हा आकडा १,२५९ वर गेला आणि पुढच्या महिन्यात दीड हजार ओलांडून गेला. प्रत्यक्ष मत दिलेले यांत दहाच्या आसपास निघाले.

कारण शोधले तर ते फारच किरकोळ. २०२१ पासून ओरेगॉनमध्ये कायदेशीर वास्तव्याचा पुरावा न मागता साधे लायसन मिळू लागले होते. त्यासाठीचा कायदा २०१९ मध्ये विधिमंडळाने केला. त्याआधी २०१४ मध्ये असाच प्रस्ताव जनतेने मोठ्या फरकाने फेटाळला होता, हा त्या राज्यातल्या राजकारणाचा आणखी एक पदर. आता ओळखीसाठी परदेशी पासपोर्ट दाखवणारे वाढले. कारकुनाच्या स्क्रीनवर कागदपत्रांची उघडती यादी होती आणि तिच्यात अमेरिकी पासपोर्ट हा पर्याय सहज हाताला लागे. परदेशी पासपोर्ट हातात असताना त्यावर टिचकी पडली की पुढची सगळी साखळी आपोआप चाले : नाव निवडणूक खात्याकडे, तिथून पत्र, २१ दिवस, यादीत नोंद, घरी मतपत्रिका. अमेरिकन सामोआत जन्मलेल्या काहींचीही नावे अशीच गेली. तिथले लोक अमेरिकेचे ‘नॅशनल’ असतात, जन्माने नागरिक नसतात. हा बारकावा अनेक अमेरिकनांनाही ठाऊक नाही, तर खिडकीवरच्या कारकुनाला दोष कसा द्यायचा.

जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती जिची किंमत तेव्हा कुणाला कळली नाही. अर्जावर नागरिक स्वतः सही करून सांगत असे की मी अमेरिकेचा नागरिक आहे. ती सही म्हणजे अडथळा होता आणि चाळणीही होती. नव्या कायद्याने अडथळा काढला. बरोबर चाळणीही गेली, आणि तिच्या जागी एका टिचकीवर भरवसा ठेवला गेला. ती टिचकी दुसऱ्या कुणी तपासून पाहण्याची व्यवस्था पहिल्यापासून हवी होती. पाच वर्षे सगळे सुरळीत चालल्यावर आणि मग लायसनचा कायदा बदलल्यावर तर नक्कीच हवी होती. लायसनच्या नियमात बदल करणाऱ्यांनी मतदारयादीचा विचार केला नाही, आणि मतदारयादीवाल्यांनी लायसनचे नियम बदलले याची दखल घेतली नाही. दोन खात्यांच्या मधल्या जागेत झालेल्या चुकीला वाली नसतो. हे सांगायला ओरेगॉनला जायला नको. आपल्या तहसील कचेरीत कुणीही सांगेल.

ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर टीना कोटेक यांच्या सांगण्यावरून आपोआप नोंदणी थांबवण्यात आली. स्क्रीनवरची यादी अशी लावली गेली की परदेशी पासपोर्ट आधी दिसावा. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पडताळायची व्यवस्था आली. पुढच्या वर्षी कार्यक्रम पुन्हा सुरू झाला.

सुमारे दीड हजार चुका, आणि त्या मार्गाने नोंदलेले लाखो मतदार. प्रमाण नगण्य, असे कायद्याचे समर्थक म्हणाले आणि गणिताने ते खरे आहे. एकाही निवडणुकीचा निकाल यामुळे फिरला नाही. पण त्या दीड हजारांपैकी एकाच्या घरात बसून पाहिले तर हे प्रमाण कामाचे नाही. त्याने अर्ज केला नव्हता, खोटे बोलला नव्हता, खिडकीवर खरा पासपोर्ट दिला होता. पत्र आले, ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेले. मग मतपत्रिका आली. सरकारने स्वतः नाव छापून पाठवली आहे म्हणजे आपल्याला हक्क असणार, असे वाटून कुणी ती भरलीच, तर फेडरल कायद्याने तो गुन्हा. काम सरकारने उचलले होते आणि चूकही सरकारी माणसाची होती, तरी धोका पुरता त्याच्याच माथी राहिला.

हिल्सबरोतले मराठी घर

पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो आणि बीव्हर्टन ही गावे आहेत. इंटेलमुळे आणि तिच्याभोवतीच्या इतर कंपन्यांमुळे तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ. यांतले बरेच जण एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. लायसन प्रत्येकाकडे असते, कारण गाडीशिवाय तिथे दूधही आणता येत नाही. ओळखीसाठी दाखवतात तो भारतीय पासपोर्ट. म्हणजे २०२४ ची चूक ज्या प्रकारच्या कागदावर झाली, तो प्रकार यांच्या रोजच्या वापरातला.

नागरिकत्वासाठी अर्ज करायची वेळ येते तेव्हा एन-४०० या अर्जात विचारतात की तुम्ही अमेरिकेत कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, कधी मत दिले होते का. दहा-पंधरा वर्षे ग्रीन कार्डची वाट पाहिलेल्या माणसाला या प्रश्नापुढे ‘माझ्या नकळत झाली होती’ असे लिहावे लागणे म्हणजे काय, हे त्या रांगेत उभ्या असलेल्यालाच कळेल.

म्हणून या कायद्याची एक खोच तिथल्या आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. ‘काहीच करू नका’ ही सूचना नागरिकासाठी आहे. नागरिक नसलेल्याच्या घरी ते पत्र आले तर काहीच न करणे हाच सगळ्यांत वाईट पर्याय. कार्डावर नकार कळवून ते लगेच परत पाठवायचे आणि पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवायचा. पुढे मतपत्रिका आलीच तर ती भरायची नाही, सही करायची नाही आणि काउंटीच्या निवडणूक कचेरीला लेखी कळवून नाव काढून घ्यायचे. नोंद कचेरीच्या चुकीने झाली होती आणि ती रद्द केली, असे पत्र तिथून आले की ते व्हिसाच्या कागदांच्या फायलीत लावून ठेवायचे आणि एन-४०० भरताना वकिलाला आधी तेच दाखवायचे.